नानांच्या वहीतली मोकळी ओळ

नाना एसटीच्या पाटीवर विश्वास ठेवत नसत. धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरची गाडी लागलेली असायची, पाटी समोर दिसायची, ड्रायव्हर जागेवर बसलेला असायचा, तरी नाना त्याच्या खिडकीखाली उभे राहून विचारायचे, "भाऊ, कोठे जाई राह्यनी गाडी?" ड्रायव्हर पाटीकडे बोट दाखवायचा. नाना म्हणायचे, "ते पाटीनं झायं. तू कोठे जाई राह्यना ते सांग."

माझी नरडाण्याची गाडी शेजारच्याच फलाटावर लागायची, त्यामुळे हे मी कितीतरी वेळा पाहिलं. मला तेव्हा लाज वाटायची. आपल्या कॉलेजातला माणूस असा चारचौघांत हसं करून घेतो म्हणून मी दुसरीकडे बघायचे. आता मी जळगावला शिकते आणि धुळ्याला क्वचितच जाणं होतं. पण पाटी नसलेली, पाटी उलटी लावलेली गाडी दिसली की मला नाना आठवतात, आणि लाज मात्र माझी मला वाटते.

नाना आमच्या कॉम्प्युटर लॅबचे सहायक होते. प्राध्यापक नव्हते. त्यांचं काम कागदावर बघितलं तर कुलूप उघडणं, पंखे बंद करणं, बिघडलेला माउस बदलून देणं एवढंच. पण सगळं कॉलेज त्यांना नाना म्हणायचं, विभागप्रमुख सरसुद्धा, आणि कुठल्याही प्राध्यापकाचा प्रोग्राम अडला की ते हळूच लॅबच्या दारात येऊन उभे राहायचे. नाना सी भाषा कुठे शिकले, ते मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला आहेत, आई घरी शिवणकाम करते. त्यामुळे खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस मला हुशारच वाटायचा. नानांना खुर्ची नव्हती. ते एका लाकडी स्टुलावर बसायचे, म्हणून असेल, सुरुवातीचे काही दिवस मी त्यांना शिपाईच समजत होते.

बाराही महिने ते अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालायचे. धुळ्याच्या मे महिन्यातसुद्धा. लॅबमध्ये पूर्वी एसी होता, तेव्हा लागलेली सवय एसी बंद पडल्यावरही गेली नाही, असं मुलं सांगायची. चहा आला की आधी किटलीचं झाकण उघडून आत बघायचे, मगच कप पुढे करायचे. चहावाला वैतागून म्हणायचा, "नाना, चहाच शे, दुसरं काय राही?" नाना म्हणायचे, "ते मी पाही ल्हिसू."

हे वेड त्यांच्या वडिलांकडून आलं असावं. वडील अमळनेरला एका तेलाच्या मिलमध्ये होते. डब्यावर काय लिहिलंय ते न बघता प्रत्येक डब्यातलं एक बोट तेल जिभेवर ठेवायचं, हे त्यांचं काम. शेंगदाणा, सरकी, करडई, सगळं जिभेवर कळायचं. नानांनी हे एकदाच सांगितलं, तेही एका मुलाने फाइलीला नुसतंच 'फायनल' असं नाव दिलं होतं म्हणून. "नाव काय, कोणीबी ठेवस," ते म्हणाले. "आत काय शे ते सांग."

आता त्या फाइलींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

तिसऱ्या वर्षाला आम्हा प्रत्येकाला एक व्हर्च्युअल मशीन मिळायचं. म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत चालणारा एक मानलेला संगणक. तो मोडला तरी खऱ्याला काही होत नाही, म्हणून शिकणाऱ्यांना तो बरा. या मानलेल्या संगणकाची सगळी हार्ड डिस्क म्हणजे बाहेरून पाहिलं तर एक मोठी फाइल. वर्षभराचं प्रोजेक्ट त्या एका फाइलीत. आणि अशी प्रत्येक फाइल जन्मते तेव्हा तिच्या पोटात एक ओळख-क्रमांक लिहिला जातो. सोळा बाइटचा, बत्तीस अक्षरी, पाच तुकड्यांत. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं असतात. फाइलीचं नाव बदला, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका, आतला क्रमांक तोच राहतो.

नाना फाइलींची नावं वाचतच नसत. त्यांना हा क्रमांक लागायचा. आणि तो आयता दाखवणारं काही वापरायची त्यांच्याकडे बंदी होती. आम्ही सी मध्ये प्रोग्राम लिहायचा, फाइल उघडायची, सुरुवातीपासून ठरलेले बाइट मोजून पुढे जायचं, तिथले सोळा बाइट उचलायचे आणि छापायचे. छापतानाही एक गंमत होती. ते बाइट सरळ क्रमाने नसतात. नाना स्टुलावर डुलत म्हणायचे, "पह्यले चार उलटा, मंग दोन उलटा, मंग दोन उलटा, राह्यलं ते सरळ." आमच्या वर्गाने याला चाल लावली होती. गॅदरिंगला कोणीतरी ढोलकीवरही म्हटलं. नाना पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि शेवटी एवढंच म्हणाले की तिसऱ्यांदा म्हणताना एक 'दोन' राहिला.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या डिस्कचा क्रमांक वाचून नानांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा. लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती. दरवर्षी नवी. आणि ज्या दिवशी तो लिहिला त्या दिवसापासून नाना त्या मुलाला त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या दोन अक्षरांनी हाक मारायचे. नाव गेलंच. सोनगीरहून येणारी माझी बाकावरची मैत्रीण होती बी-सात. साक्रीचा एक उंच मुलगा डी-डी झाला, त्याचं पुढे सगळ्यांनी दादी करून टाकलं. हजेरीला प्राध्यापक नाव घ्यायचे आणि लॅबमध्ये नाना दारातून ओरडायचे, "ए-शून्य, तुना पंखा बंद कर." बाहेरच्या माणसाला वाटायचं इथे काहीतरी गुप्त चाललंय.

मला ते हाक मारायचे, सत्तेचाळीस.

त्यात गोम होती. ती त्या वर्षभरात मी कोणालाच सांगितली नाही, बी-सातलाही नाही.

ज्या दिवशी नानांनी जागा कशी मोजायची ते शिकवलं त्या दिवशी माझी गाडी चुकली होती. मी पोहोचले तेव्हा फळ्यावर फक्त एक आकडा उरला होता, एकशे अठ्ठ्याऐंशी. मी तो उतरवून घेतला. तो आकडा सोळाच्या हिशोबातला होता, आपल्या नेहमीच्या हिशोबात त्याचे तीनशे ब्याण्णव होतात, हे आधी सांगून झालेलं होतं. मी भाबडेपणाने एकशे अठ्ठ्याऐंशी बाइट मोजले आणि तिथले सोळा उचलले. पडद्यावर आली नुसती शून्यं. बत्तीस शून्यं. मी प्रोग्राम पाच वेळा पुन्हा लिहिला. शून्यंच. आजूबाजूला एकेकाचे क्रमांक येत होते, मुलं उठून वहीत लिहून येत होती. विचारायला हवं होतं. पण गावाकडून आलेल्या मुलीला काही येत नाही, हे कोणाच्या तोंडून ऐकायची मला फार भीती होती. ते मी स्वतःच स्वतःला रोज म्हणत असे, दुसऱ्याने म्हटलेलं सोसलं नसतं.

मग मी क्रमांक बनवला. वडिलांच्या गेटपासचे आकडे, आमच्या बसच्या नंबरप्लेटचे आकडे, मध्ये मध्ये ए, सी, एफ पेरले. बत्तीस अक्षरं मोजून, पाच तुकडे पाडून, नानांच्या वहीत माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. शेवटी चार आणि सात. नानांनी ओळीवरून बोट फिरवलं, मध्येच एका जागी थांबवलं, पुन्हा पुढे नेलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सत्तेचाळीस. जाय माय, बस."

मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या आठवड्यात नानांनी फळाभर सगळ्यांचे क्रमांक लिहिले आणि विचारलं, या सगळ्यांत काय सारखं आहे? आम्ही पुष्कळ डोकं खाजवलं. डी-डी म्हणाला, सगळ्यांत गोंधळ सारखा आहे. नाना हसले आणि उत्तर न सांगता फळा पुसला. वर्षभर ते उत्तर त्यांनी सांगितलं नाही. "सापडी तवय सापडी," म्हणायचे. मी मात्र त्या दिवशी वेगळंच मोजत होते. वर्गात आम्ही एकतीस होतो आणि फळ्यावर क्रमांक तीस होते. माझा नव्हता. फळा पुरला नसेल असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर मी चुकलेली जागा शोधून काढली, पण फार उशिरा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सोळाच्या हिशोबाचं गणित करताना लख्ख कळलं. तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. पण तोवर दोन महिने मी सत्तेचाळीस होते. नानांनी हाक मारली की मी जराशी थांबायचे, मग उठायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं. माझा खरा क्रमांक मी कधी वाचूनही पाहिला नाही. तो कळला असता तर रोज खोटं बोलल्यासारखं झालं असतं. न कळता नुसतं गप्प बसल्यासारखं वाटत होतं. माणूस स्वतःची समजूत कशी घालतो ते मला त्या वर्षी समजलं.

नानांचं मला जे आश्चर्य वाटायचं ते त्यांच्या डोळ्यांचं. ते फाइल चालवत नसत, उघडून तिचे कच्चे बाइट पडद्यावर घेत आणि पेपर वाचावा तसे वाचत. एका मुलाने आपल्या फोल्डरात डिस्कच्या नावाखाली एक सिनेमा लपवून ठेवला होता. नाव बरोबर, आकारही बरोबर. नानांनी पहिल्या दोन ओळी पाहिल्या आणि शांतपणे विचारलं, "कसा शे पिच्चर?" मुलगा इतका गडबडला की म्हणाला, शेवट चांगला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तो क्रमांक वाचायचा प्रोग्राम त्यांनी कधीच जतन करून ठेवला नाही. लागेल तेव्हा पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायचे. तीस-पस्तीस ओळी, दोन बोटांनी. आम्ही म्हणायचो, नाना, सेव्ह करून ठेवा ना. ते म्हणायचे, ठेवलेल्यावर भरवसा ठेवला की माणूस मोजायचं विसरतो.

विभागप्रमुख सरांना हे सगळं थोडं डाचायचं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, पण त्यांना टापटीप हवी असायची आणि नानांचं सगळं वेगळंच. नानांच्या वहीला ते 'नानांची कुंडली' म्हणायचे. संगणकाच्या विभागात पेन्सिलीने वही लिहितात, हे बाहेर कोणाला सांगू नका, असं आम्हाला बजावायचे.

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या आधी सरांनी टापटीप केली. बाहेरून परीक्षक येणार म्हणून लॅबचे सगळे संगणक कोरे करून घेतले. त्याआधी आमच्या सगळ्या डिस्क फाइली एका मोठ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवल्या. जुन्या वर्षांच्या फाइली त्या हार्ड डिस्कवर होत्याच. परीक्षेच्या आदल्या दुपारी सरांनी ती स्वतःच्या संगणकाला लावली. संगणकाने विचारलं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? सरांनी हो म्हटलं.

ते आम्हाला लॅबमध्येच कळलं. एकतीस मुलांचं वर्ष त्यात होतं. बी-सात रडायला लागली. नानांनी हार्ड डिस्क काढून घेतली, स्वेटरच्या आत छातीशी धरली आणि म्हणाले की हिला आता कोणी हात लावायचा नाही, हिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर जुनं निघेल. आम्हाला घरी पाठवलं.

सकाळी आठला आम्ही लॅबच्या दारात होतो. नाना आत होते. हरवलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर त्यांनी लावलं होतं आणि त्याने फाइली काढल्या होत्या. पण ते सॉफ्टवेअर फक्त आतला मजकूर काढतं, नावं काढत नाही. पडद्यावर एकशे बारा फाइली होत्या आणि त्यांची नावं एक ते एकशे बारा. यंदाच्या कुठल्या, जुन्या कुठल्या, कोण कोणाची, काही कळत नव्हतं. एकेक चालू करून पाहावं तर एका मशीनला सुरू व्हायला दहा मिनिटं, आणि सगळ्यांचा पहिला पडदा सारखाच, कारण लॅबने सगळ्यांना एकाच साच्यातून दिलेलं. फरक फक्त पासवर्डचा. परीक्षक अकराला येणार होते.

सर खुर्चीत बसून कपाळ पुसत होते. नानांनी स्टूल ओढलं, कोरी फाइल उघडली आणि दोन बोटांनी लिहायला लागले. सर म्हणाले, नाना, तुमच्याकडे तयार नाही का हो? नानांनी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्या वेळात लॅबमध्ये फक्त दोन बोटांचा आवाज होता. फाइल उघड. तीनशे ब्याण्णव मोज. सोळा उचल. पहिले चार उलटे. मी मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते, आणि मला माहीत होतं की हा प्रोग्राम संपला की माझं काय होणार आहे.

त्यांनी तो चालवला. एकशे बारा क्रमांक पडद्यावर उतरले, वेळ लागला तो एका श्वासाएवढा. मी त्यानंतर मोठमोठे प्रोग्राम पाहिलेत. तसं काही पुन्हा पाहिलं नाही. रात्रभर जी नुसती आकड्यांची नावं होती, त्यांना एकदम माणसं लागली. कारण नानांना वही उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. पोरं स्वतःच ओळखत होती. "बी-सात, ती मनी!" मैत्रीण पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "डी-डी इथे आहे." "एफ-दोन." वर्षभर ज्या हाकेला आम्ही हसलो ती प्रत्येकाला पाठ होती. नाना प्रत्येक वेळी वहीत पूर्ण क्रमांक ताडून पाहत आणि मगच फाइल त्या मुलाच्या हवाली करत. मागच्या वर्षांच्या वह्याही त्यांनी कपाटातून काढल्या. जुन्या मुलांच्या शहात्तर फाइली जुळवून बाजूला ठेवल्या.

यंदाचे तीस झाले. नाना म्हणाले, "सत्तेचाळीस."

पडद्यावर सत्तेचाळीसने संपणारं काही नव्हतं. नानांनी यादी वरून खाली पाहिली. कुठल्याच वहीत नसलेल्या सहा फाइली उरल्या होत्या, कधीकाळी कोणी चाचणीसाठी केलेल्या असाव्यात, असं सर म्हणाले. वहीत एक क्रमांक होता त्याला फाइल नव्हती.

सर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता, ते मला आजही आठवतं. म्हणाले की एखादी फाइल परत मिळत नाही, तुझी गेली असेल बेटा, घाबरू नकोस. मी परीक्षकांना सांगतो, चूक आमची आहे, तुला सरासरी मार्क देऊ, पास होशील. मग नानांकडे पाहून थोडं हसले. "का नाना, तुमच्या कुंडलीत एक ग्रह चुकला. लिहून घेताना बघितलं नव्हतं का?"

नानांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

मला फक्त मान हलवायची होती. पास झाले असते. कोणाला कधी कळलं नसतं. माझं प्रोजेक्ट गेलं असतं हे खरं. गावच्या बायकांच्या शिवणकामाच्या मापांची नोंद ठेवणारा प्रोग्राम होता तो, आईसाठी केलेला, आणि त्यावर पुढचा प्रवेश अवलंबून होता. पण त्याहून जास्त मला ती मिटलेली वही दिसत होती. ज्या माणसाने पाटीवर, किटलीवर, कशावर म्हणून विश्वास ठेवला नाही, त्याची वही माझ्यामुळे खोटी ठरत होती. आणि तो माणूस खाली मान घालून ते ऐकून घेत होता.

मी म्हणाले, "सर, वही बरोबर आहे. मी खोटा लिहिला होता."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं बोलले. चुकलेली गाडी, एकशे अठ्ठ्याऐंशी, शून्यं, वडिलांचा गेटपास. कोणाकडे न बघता बोलले. डी-डी मागून हळूच म्हणाला, "बसचा नंबर? वा." कोणीतरी त्याला गप्प केलं. सरांनी मात्र पुन्हा कपाळ पुसलं. बहुतेक त्यांना आदल्या दुपारचं आपलं 'हो' आठवलं असावं.

नानांनी वही पुन्हा उघडली, माझ्या ओळीवर आणली आणि माझ्यापुढे सरकवली. माझ्या क्रमांकाच्या तिसऱ्या तुकड्यातल्या पहिल्या अक्षराखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. जुनी, पुसट झालेली. तिथे मी नऊ लिहिलं होतं. मी वरच्या ओळी पाहिल्या. खालच्या पाहिल्या. सगळ्यांच्या तिसऱ्या तुकड्याचं पहिलं अक्षर चार होतं. एकूण एक. हे क्रमांक असेच बनतात, त्या जागी चार असतोच, बाकी काहीही असो. फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. माझा क्रमांक फळ्यावर असता तर सगळ्यांत सारखं काहीच उरलं नसतं, आणि कोणीतरी बोट ठेवून म्हटलं असतं, हा कोणाचा?

"माले पह्यलाच दिनले समजी गयथं," नाना म्हणाले.

माझ्या ओळीच्या खाली एक ओळ मोकळी होती. सबंध वहीत तेवढी एकच मोकळी. मला इतके महिने वाटत होतं की ती चुकून सुटली.

"मग तुम्ही बोलला का नाही, नाना?"

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. म्हणाले, "मी हाक मारू ना, तू जराशी थांबे. मंग उठे. रोज. माले वाटे, आज सांगी." मग घड्याळाकडे पाहिलं. "सहा शेतस. दहा मिनटं एकले. बस, आते स्वतः शोध."

साडेनऊ झाले होते. मी पहिली उघडली, पासवर्ड चालला नाही. दुसरी नाही. तिसरी सुरूच झाली नाही. बी-सात शेजारी बसून माझ्या वतीने नखं खात होती. नाना दुसऱ्यांचे पंखे आणि तारा बघत हिंडत होते, एकदाही वळून बघितलं नाही. चौथी उघडली. पासवर्ड टाकला, आणि आईच्या मापांची वही पडद्यावर आली. मी उठून सांगायला गेले तर नाना म्हणाले, आधी क्रमांक वाच. मी माझा प्रोग्राम लिहिला, या वेळी तीनशे ब्याण्णव मोजले, चार उलटे, दोन उलटे, दोन उलटे. तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला चार होता. मी तो त्या मोकळ्या ओळीत लिहिला. घाईत लिहिला, त्यामुळे अक्षर वर्षाच्या सुरुवातीसारखं चांगलं आलं नाही. नानांनी ओळीवरून बोट फिरवलं. या वेळी ते मध्ये कुठे थांबलं नाही.

परीक्षक अकराला आले, माझा नंबर शेवटी लागला. मार्क चांगले पडले, पण ते इथे महत्त्वाचे नाहीत. संध्याकाळी स्टँडवर नाना अमळनेरच्या गाडीच्या खिडकीखाली उभे होते. ड्रायव्हरला विचारून झाल्यावर मला पाहिलं आणि फलाटापलीकडून ओरडले, "सी-नऊ, तुनी गाडी लागी गयी." मी लगेच वळले. माझ्या गाडीत चढण्याआधी मी ड्रायव्हरला विचारलं, नरडाण्यालाच जाते ना? तो पाटीकडे बोट दाखवून हसला.

नाना पुढच्या वर्षी निवृत्त झाले. मी त्यांना भेटायला अमळनेरला जायचं ठरवते आणि राहून जातं.

जळगावला एमएस्सी करताना आम्हा वरच्या वर्गाच्या मुलांना खालच्या वर्गाची प्रॅक्टिकलं घ्यायला सांगतात. या वर्षी मी मुलांकडून क्रमांक वाचून घेते, वहीत. त्यांना ते जुनाट वाटतं. परवा यावलकडची एक मुलगी सगळ्यात शेवटी आली. फार सुवाच्य अक्षर, बत्तीस अक्षरं, पाच तुकडे नेमके. मी ओळीवरून बोट फिरवलं. तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला दोन होता.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला शेवटच्या दोन अक्षरांनी हाक मारली, जाऊन बस म्हटलं. ती जराशी थांबली आणि गेली.

मी पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि तिच्या ओळीखाली एक ओळ मोकळी सोडली. नानांइतका धीर माझ्यात आहे की नाही, माहीत नाही. सेमिस्टर संपायला अजून दोन महिने आहेत.